घड्याळ ठेवायचा ट्रे

मित्रांनो, मला टेबलावरून हटवून डॉक्टर योगेश सरांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी सांगतो. प्रत्येक टाक्यामागे एका जांभईएवढा वेळ. बस्स!

मी एक जुना स्टीलचा ट्रे, काजूसारखा पोटाशी वाकलेला. नाशिकच्या गंगापूर रोडवर एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये माझं आयुष्य गेलं. सिंधू सिस्टर मुख्य होत्या तेव्हा माझा मान मोठा. सुई असो की सुरी, काम झालं की ती माझ्यात ठेवायची आणि दुसऱ्याने माझ्यातूनच उचलायची. रोग्याच्या रक्तातला आजार सुईच्या टोकावर बसून दुसऱ्याच्या अंगात शिरतो, म्हणून हा नियम. कोणी विसरलं की सिस्टर डोळे वटारत, "हातात हात लग्नात द्यायचा! इथे ट्रेमध्ये ठेवा."

त्या निवृत्त झाल्या आणि माझे दिवस फिरले. योगेश सरांच्या हाताला भारी वेग. न बघता तळहात पुढे करायचा, की वस्तू त्यात पडलीच पाहिजे. "तृप्ती सिस्टर, ट्रेची पूजा पुरे आता. हातात द्या, हातात घ्या." माझी रवानगी भिंतीकडच्या फळीवर झाली. पोटात सरांचं घड्याळ आणि गाडीची किल्ली. सगळं दिसत होतं. हलता येत नव्हतं.

एके दिवशी सिन्नरचा एक पेशंट तातडीने आला. रक्ताचे रिपोर्ट यायच्या आतच त्याचं पोट उघडावं लागलं. शेवटचे टाके चालू होते. सरांनी नजर न उचलता सुई मागे दिली आणि ती दोन हातमोजे फोडून तृप्तीच्या बोटात गेली.

"सर, सुई लागली."

"पेशंटला?"

"मला."

सरांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "मोजे बदला, सिस्टर. थोडंच राहिलंय."

ती जाणार कुठे? दुसरी सिस्टर मनाली सुट्टी घेऊन पेठला गेलेली, आणि समोर माणसाचं पोट उघडं. मोजे बदलून ती पुन्हा उभी राहिली. माझ्या पोटात घड्याळ टिकटिकत होतं. मी फळीवर अडकलेला, ती टेबलाशी.

टाके संपताच ती नळाकडे धावली. सर मागोमाग आले. "काही होत नाही हो. उगाच गाजावाजा नको. उद्या रिपोर्ट आला की बघू."

"आजार रोखायची गोळी लवकरात लवकर घ्यायची असते, सर. मी सरकारी दवाखान्यात निघाले."

"अहो, हॉस्पिटलचं नाव…"

"नाव हॉस्पिटलचं, बोट माझं."

दुसऱ्या दिवशी कळलं, पेशंटच्या रक्तात एचआयव्ही होता. त्याचा काय दोष? तो बिचारा भूल घेऊन झोपलेला. तृप्तीला महिनाभर गोळ्या आणि पुढे सहा महिने तपासण्या.

मनाली परतल्यावर दोघी हात धूत बोलत होत्या.

"घरी काय सांगितलंस?"

"पित्त वाढलंय म्हणून."

"आणि तुझी छोटी हर्षाली?"

"तिला माझ्याच ताटात जेवायची सवय. आता वेगळं ताट वाढते, तर भोकाड पसरते."

"अगं बाई, ताटातून नाही होत तो!"

"माहीत आहे गं. लोकांना मीच शिकवते. तरी घास भरवायला हात पुढे होत नाही."

शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. त्या सकाळी सरांनी माझ्यातलं घड्याळ काढून खिशात टाकलं. "ह्याला निर्जंतुक करून टेबलावर घ्या," एवढंच म्हणाले. पहिली सुई त्यांनीच माझ्यात ठेवली. आता चुकून त्यांचा तळहात पुढे आलाच, तर तृप्ती नुसती माझ्याकडे बोट दाखवते. तेच बोट.

मित्रांनो, कात्री, विळा, सुरी कोणाच्या हातात देऊ नका. खाली ठेवा, त्याला उचलू द्या. तेवढा वेळ असतोच.

आता राहिला हिशेब. सरांच्या जांभया वाचल्या. पेशंट बरा होऊन सिन्नरला गेला. मला माझी जागा मिळाली. आणि किंमत मोजली पाच वर्षांच्या हर्षालीने, इतके महिने आईच्या ताटाकडे लांबून बघत.