उसवलेली पाखरं

"डोळे मिटून टाका घातला ना, तरी सरळच पडतो माझा!"

मित्रांनो, मला ऐकू आलेला हा पहिला आवाज. आत्याचा. तेव्हा मी गोधडी नव्हते. तिच्या भावाचा विरलेला शर्ट, स्वयंपाकघरातला जुना पडदा आणि दोन चादरी, असा नुसता ढीग होते. आज माझ्या कडा झिजल्या आहेत, पण तो आवाज अजून तसाच आहे.

घरातलं कुणी नव्या घरी राहायला निघालं, की आत्या त्याच्यासाठी गोधडी शिवायची. नुसतं शिवून तिचं भागत नसे. काठाला ती घरातल्या प्रत्येकाचं एक पाखरू भरायची. जो निघाला त्याचं पंख पसरलेलं, बाकीची बसलेली. भावाचं पाखरू पोट सुटलेलं, वहिनीचं चोच उघडलेलं. "मिटतच नाही कधी, मी काय करू?" आत्या म्हणायची, आणि सगळ्यांत मोठ्याने वहिनीच हसायची.

मी भाचीसाठी होते. आत्या मला मांडीवर घेऊन गुणगुणायची,

सुई चाले पुढे, दोरा मागे मागे
ऊब माझ्या हातची माझ्या माणसा लागे

पण तोवर तिची नजर अधू झाली होती. भाची सकाळी कामावर जाताना दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. एके दिवशी भावाच्या पाखराचा डोळा डोक्याबाहेर पडला. वहिनीच्या पाखराची चोच पाठीतून निघाली. मला ते टोचतानाच कळलं. पण गोधडीला तोंड कुठे असतं?

भाचीने ते पाहिलं. मग सुट्टीच्या दुपारी आत्याला डुलकी लागली, की ती कातरीच्या टोकाने एकेक पाखरू उसवायची आणि त्याच जागी नवं, सुबक पाखरू भरायची. माया होती हो ती. पण दर टाक्याला मी आतल्या आत म्हणत होते, 'अगं, थांब, तिला विचार तरी!'

आत्या उठली की माझ्यावरून हात फिरवायची. हात मध्येच थबकायचा. मग ती पुढची सुई उचलायची.

मला भाचीच्या हाती दिलं, तेव्हा शेजारीण म्हणाली, "काय नजर आहे हो अजून!" आत्या हसली. त्याच संध्याकाळी तिने सुया, दोरे, अंगुस्तान डब्यात भरलं आणि डबा वहिनीकडे दिला. "हात दुखतो गं आता."

नव्या घरी येणारेजाणारे माझी वाहवा करत. भाची मान खाली घालायची. पुढे बाळाची चाहूल लागली, तेव्हा तिने फोनवर विचारलं, "आत्या, बाळासाठी एक करशील ना?"

"नको गं. हात दुखतो."

भाचीला ते खरं वाटलं. मला खरं ठाऊक होतं. पण पांघरूण काय करणार? ऊब द्यायची, एवढंच माझ्या हाती.

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी हाताने काही केलं, तर त्यातल्या वाकड्यासकट घ्या. सुधारायला बसू नका. उसवलेल्या टाक्याची भोकं बुजत नाहीत. ती मी अजून अंगावर बाळगते आहे.

बाळाला बघायला आत्या आली. आता तिला काहीच दिसत नव्हतं. माझ्यात गुंडाळलेलं बाळ तिने मांडीवर घेतलं. तिची बोटं काठावरून चालू लागली.

"आत्या," भाची तिच्याजवळ येऊन बसली. "ही पाखरं तुझी नाहीत. मी उसवली. लोक तुला हसतील म्हणून."

"ठाऊक आहे. तू टाका आवळून घालतेस, पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

बोटं कोपऱ्याशी थांबली. तिथे दुमडलेल्या काठाखाली एक बारकंसं पाखरू भाचीच्या नजरेतून सुटलं होतं. वाकडं, डोळा डोक्याबाहेर. आत्याने स्वतःचं म्हणून भरलेलं.

"हे राहिलं बघ," आत्या म्हणाली. बराच वेळ ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली. "मला वाटलं, घराला आता माझा हात नकोसा झालाय. म्हणून सुई ठेवली. दुखत नव्हता गं माझा हात. कधीच दुखला नाही."