केरीच्या होडीची उलांडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. केरीच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत माझं घर. गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षांत माझा आताचा मालक बाबली, त्याच्या वडिलांनी आंब्याचं खोड कोरून मला घडवलं, काजूचं तेल पाजलं. तोल राहावा म्हणून माझ्या एका अंगाला, पाण्यावर तरंगणारं एक लाकूड वाकड्या दांड्यांनी बांधलं. त्याला उलांडी म्हणतात.

कित्येक वर्षं मी बांगडे वाहिले. मग पाहुणे येऊ लागले. का नाही येणार? सकाळचं कोवळं ऊन, पायाला गुदगुल्या करणारी वाळू, पलीकडे तेरेखोलचा किल्ला! देवाने इथे हात आखडता घेतलाच नाही. बाबली त्यांना माझ्यातून फिरवू लागला. मलाही मान आला.

पुढे शेजारी नव्या, गुळगुळीत होड्या आल्या आणि पाहुणे तिकडे वळले. बाबली चिडला. "ही उलांडीच आड येता! पावण्यांका चढूक गावणा नाय," म्हणत त्याने ती सोडून वाळूत टाकली आणि मला निळा रंग दिला. दुसऱ्या दिवशी मुंबईचं एक कुटुंब यायचं होतं. मी करकरून सांगून पाहिलं, पण होडीचं कोण ऐकतं?

डागडुजी झाली की पहिली फेरी घरच्या माणसाची, ही त्या घराची रीत. बाबलीची बायको विनोदिनी सोमवारचा उपास धरून, हळदकुंकवाचं तबक घेऊन आली.

"आधी माका बसवा. मगे पावणे."

"तुका दर्याचो भंय नाय?"

"दर्याचो नाय ओ. तुमच्या कामाचो आसा."

बाबलीने मला पाण्यात लोटलं आणि आत चढला. ती माझ्या काठावर टेकली मात्र, मी कलंडले! कमरेएवढ्या पाण्यात तबक, फुलं, नवराबायको, सगळीच. विनोदिनी केस निथळत उठली.

"बरां झालां! पावण्यांच्या आधी माकाच न्हाणयलात. सोमवारची आंघोळ दोनदा झाली!"

 ओल्या कपड्यांनीच बाबलीने उलांडी उचलली आणि सूर्य मावळायच्या आत घट्ट बांधली.

सकाळी पाहुणे आले. त्यांच्यातल्या बाईंनी नाक मुरडलं, "हे वाकडं लाकूड कशाला?"

"बाय, तां आसा म्हणान तुमी सुकी रवतल्यात," बाबली म्हणाला.

मित्रांनो, या, माझ्यात बसा, आमचं ऊन अंगावर घ्या. मला हवा तो रंग द्या. पण मला सावरणारं लाकूड, दिसायला वाकडं म्हणून, तोडू नका.