आर्वो कांगसची दोन मिनिटं

हेरिंग पॉइंटला सुपीरियर सरोवराचं पाणी इतकं गार, की मासे जाळ्यात शिरतात ते निव्वळ ऊब मिळावी म्हणून. आर्वो कांगस चाळीस वर्षं त्यांना बाहेर काढत होता, आणि त्याची बायको लेम्पी चाळीस वर्षं त्यांची जनगणना करत होती.

जनगणनाच म्हणायची, दुसरं काय! वॉशिंग्टनहून दर महिन्याला फॉर्म यायचा. कुठल्या दिवशी किती जाळी टाकली, किती खोल, पाणी किती गार, व्हाइटफिश किती वजनाचे, ट्राउट किती, परत सोडलेले किती, त्यातले जिवंत किती, मेलेले किती. सव्वीस रकाने, आणि एकेक रकाना इतका बारीक की मुंगीलासुद्धा चष्मा लागला असता. एकदा तो फॉर्म खिडकीतून उडाला, तर तीन बंदरं पुढच्या कोळ्याने तो शीड म्हणून बोटीला लावला आणि कॅनडात जाऊन पोचला म्हणतात.

बरं, माहिती द्यायची कोणी? आर्वोने. आर्वो बोटीवर वही नेईल तर शपथ. दुपारच्या पेस्टीचा, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीचा, कागद असायचा ना, तुपकट, त्यावर पेन्सिलीने खरडायचा. नाहीतर रेनकोटाच्या बाहीवर. एका ऑगस्टात तर सगळा आठवडा त्याने बोटीच्या आतल्या फळीवर खडूने लिहिला होता. लेम्पी बिचारी गमबूट घालून बोटीत उभी राहिली आणि माशांच्या वासात ते उतरवून घेतलं.

"हा सात आहे का एक?" ती विचारायची.

"कुठला दिवस?"

"मंगळवार."

"मंगळवारी वारं होतं. एक असेल."

"असेल म्हणजे? सरकारला काय लिहू, असेल म्हणून?"

"अगं, लिही सात. मासे काय तक्रार करायला येणारेत?"

मग ती सगळे कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायची, चिकटलेले सोडवायची, बेरजा मारायची, चुकल्या की पुन्हा मारायची. शेवटी फॉर्म आर्वोच्या पुढ्यात सरकवायची. परवाना त्याच्या नावावर, तेव्हा सही त्याची. तो चष्मा शोधायचा, सही करायचा आणि म्हणायचा, "झालं बाई एकदाचं!" जसा काही नांगर ओढून दमला होता.

त्या वर्षी एप्रिलमध्ये वाचनालयातल्या डोरीनने लेम्पीला हाक मारली. डोरीनला सरकारी राजपत्र वाचायची खोड होती. दुसऱ्या बायका प्रेमकथा वाचतात, ही नोटिसा वाचायची.

"लेम्पी, तुझ्या माशांच्या फॉर्मबद्दल आलंय बघ. म्हणतात, हा भरायला सरासरी बारा मिनिटं लागतात."

"बारा काय?"

"मिनिटं. इतका कमी त्रास आहे म्हणून पुढच्या हिवाळ्यापासून महिन्याला नाही, दर आठवड्याला भरून घेणार."

लेम्पीने बोटांवर रविवार मोजले. महिन्यातला एक अख्खा रविवार त्या फॉर्मने आधीच खाल्ला होता. आता चारही खाणार.

"पण थांब, पुढे वाच ना," डोरीनने बोट ठेवलं. "जनतेला विचारतायत. आमचा वेळेचा अंदाज बरोबर आहे का, साठ दिवसांत कळवा."

लेम्पीने ती ओळ तीनदा वाचली. चाळीस वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, पाद्र्याने नाही, मुलींनी नाही. आणि विचारलं कोणी, तर वॉशिंग्टनने. बाई, तुला किती वेळ लागतो?

ती घरी गेली आणि ओट्यावरचं कोंबडीच्या आकाराचं घड्याळ उचलून टेबलावर ठेवलं. अंडी उकडताना लावायचं ते, तासभराची किल्ली आणि शेवटी घणघण. त्या महिन्याचा फॉर्म तिने कोंबडी समोर ठेवून भरला. पाच वेळा कोंबडी ओरडली आणि वर चाळीस मिनिटं. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजलं. पुन्हा पाच तास चाळीस. मग तिने तीन पानी पत्र लिहिलं आणि पुरावा म्हणून पेस्टीचा एक कागदही जोडला. डोरीन म्हणाली, हा लिफाफा वॉशिंग्टनला पोचला की तिथली सगळी मांजरं राजधानीत गोळा होतील.

लेम्पीने पत्र आर्वोला वाचून दाखवलं. तो वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत होता. पाव बुडाला तो बुडालाच, विरघळून तळाशी गेला.

"पाच तास?" तो म्हणाला.

"आणि चाळीस मिनिटं."

"एवढं कशाला लिहायचं पण? त्यांना वाटेल आपण रडतोय."

"त्यांनीच विचारलंय, आर्वो."

"ते विचारतात गं. विचारायचं म्हणून विचारतात." मग तो कॉफीत चमचा घालून पाव शोधत बसला. पण लिफाफा पोस्टात टाकला त्यानेच. तेवढं खरं बोललं पाहिजे. त्याच्या खिशात तो राहिला नाही, पाण्यात पडला नाही. पोचला.

जुलैत जाडजूड पाकीट आलं. लेम्पीने हात पुसले, एप्रन काढला, केसही नीट केले. सरकारचं उत्तर वाचायचं म्हणजे काय साधी गोष्ट? सगळी फाइलच पाठवली होती त्यांनी. पहिल्याच पानावर तिचं नाव.

जनतेकडून एकच सूचना आली. श्रीमती एल. कांगस यांच्या मते पाच तास चाळीस मिनिटं लागतात. मात्र त्याच पत्त्यावरच्या परवानाधारकाने स्वतः वेगळी माहिती दिली असल्याने हा अंदाज ग्राह्य धरता येत नाही.

लेम्पीला आधी वाटलं, दुसरे कोणी कांगस असतील. तिने पान उलटलं. नोटीस काढण्याआधी खात्याने नऊ मच्छीमारांना फोन करून वेळ विचारला होता. नऊ नावं एकाखाली एक. कोणी वीस मिनिटं सांगितलेली, कोणी पंधरा. सगळ्यात खाली आर्वो कांगस, हेरिंग पॉइंट. दोन मिनिटं. आणि त्याच्यापुढे आणखी एक रकाना, भरताना कोणाची मदत होते का? नाही.

तो फोन तिला आठवला. चांगला आठवला. फेब्रुवारीतला रविवार, मच्छीमार घरी सापडतात तो दिवस, ती ह्याच टेबलावर, ह्याच खुर्चीत, जानेवारीच्या फॉर्मवर वाकलेली. फोन वाजला, आर्वोने उचलला आणि वायर ताणत ताणत व्हरांड्यात गेला. दारसुद्धा ओढून घेतलं. बाहेर एवढी थंडी, की शब्द तोंडातून निघाले की पायावर पडावेत. तिला वाटलं, माणसाला बाहेर बोलायचंय म्हणजे काहीतरी मोठंच काम असणार. तो आत आला तेव्हा तिने त्याला गरम कॉफी दिली होती. स्वतः उठून. पेन्सिल खाली ठेवून.

संध्याकाळी आर्वो बूट काढत होता.

"आर्वो, माशांचा फॉर्म भरायला तुला किती वेळ लागतो?"

"कुठला?"

"सव्वीस रकान्यांचा."

"दोन मिनिटं." बुटाची गाठ सुटत नव्हती. मग त्याने वर पाहिलं आणि टेबलावरचं पाकीट बघितलं.

"आणि त्या दोन मिनिटांत तू काय करतोस?"

"सही."

"एका सहीला दोन मिनिटं?"

"चष्मा सापडायला पाहिजे ना," आर्वो म्हणाला. आणि हे त्याने चेष्टेने म्हटलं नाही बरं का. अगदी खरं म्हणून म्हटलं. "फोनवरच्या त्या बाईने विचारलं, मिस्टर कांगस, तुम्हाला किती वेळ लागतो. मला लागतो तेवढा मी सांगितला. सरकारशी खोटं बोलू का?"

"मदत होते का, हेही विचारलं तिने."

आर्वो पुन्हा बुटाच्या गाठीला लागला.

"मी आत बसले होते, आर्वो. पाच पावलांवर. फॉर्म माझ्या हातात होता."

"अगं, ती शिकलेली बाई. पटापट बोलत होती. मी आठवी पास, घरात फिनिश बोलून वाढलेलो. तिला काय सांगू, की मला माझा स्वतःचा कागद भरता येत नाही? बायको भरते? हसली असती ती."

"मग मी हसण्यासारखी गोष्ट आहे का रे?"

"तसं नाही म्हटलं मी."

"दुसरं काय म्हटलंस? मी नाहीच म्हणून सांगितलंस. एखाद्याला खोकला आहे का विचारावं आणि त्याने नाही म्हणावं, तसं."

त्या रात्री शनिवारची सॉना, म्हणजे अंगणातली वाफेची खोली, तापवलेली होती. लेम्पी एकटी जाऊन बसली आणि इतकी तापली, की बाहेर आली तेव्हा अंगणातला जुना बर्फ, जुलैपर्यंत टिकलेला, तोही वितळला म्हणे. आर्वोने दारातून विचारलं, पाठीवर पाणी घालू का? तिने नको म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

पण अजून तीस दिवस होते. फाइलच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, अंतिम निर्णयाआधी आणखी तीस दिवस सूचना पाठवता येतील. लेम्पीने ह्या खेपेला तीन पानं नाही, तीन ओळी लिहिल्या. माझा नवरा फक्त सही करतो. त्याला पुन्हा विचारा. बाकीच्या आठ जणांनाही विचारा, कारण त्यांच्याही घरात स्वयंपाकघर असेल.

हे तिने आर्वोला वाचून दाखवलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती.

"पुन्हा फोन येईल तुला," ती म्हणाली. "ह्या खेपेला काय सांगशील?"

"सांगेन."

"काय?"

"खरं ते सांगेन गं, बाई! किती वेळा बोलायचं?"

ऑगस्टच्या शेवटी फोन वाजला. लेम्पीनेच उचलला. पलीकडे तीच पटापट बोलणारी.

"मिसेस कांगस का? मी वॉशिंग्टनहून बोलतेय. तुमच्या पत्रावरून आम्ही सगळ्या नऊ जणांना पुन्हा विचारतोय. मिस्टर कांगस आहेत का?"

"आहेत, बाई. देते." लेम्पीला वाटलं, आपणच सांगून टाकावं. पण ती वॉशिंग्टनवाली म्हणाली असती, परवाना कोणाच्या नावावर आहे? तिने रिसीव्हर आर्वोला दिला.

आर्वोने तो घेतला आणि वायर ताणत व्हरांड्यात गेला. दार ओढलं. ह्या खेपेला थंडी नव्हती, उगाच दार ओढायचं कारण नव्हतं. लेम्पी आत उभी राहिली. दाराला कान लावावा असं मनात आलं, पण चाळीस वर्षं संसार केला त्या नवऱ्याच्या दाराला कान लावायचा म्हणजे मग उरलं काय? ती ओट्याकडे गेली आणि बटाटे सोलायला घेतले.

पाच मिनिटांनी तो आत आला. कान लाल झालेले.

"सांगितलं," तो म्हणाला.

"सगळं?"

"तू म्हणालीस तसं. झालं ना आता समाधान?"

त्या संध्याकाळी लेम्पीने त्याच्या आवडीचं दूध-बटाट्यातलं माशाचं कालवण केलं, वर लोणी सोडलं, आणि माशाचं डोकं त्याच्या वाडग्यात घातलं. तो तीन वाडगे जेवला. नजर मात्र वाडग्यातच. तिला वाटलं, लाजला असेल बिचारा.

ऑक्टोबरात डोरीनने राजपत्र तिच्यापुढे ठेवलं. ह्या खेपेला डोरीन स्वतः काही वाचेना.

नऊ जणांना पुन्हा विचारले असता आठ जण आपल्या उत्तरावर ठाम राहिले, एकाने उत्तर बदलले. त्यानुसार सरासरी बारावरून तेरा मिनिटे करण्यात येत आहे. एक नोव्हेंबरपासून फॉर्म दर आठवड्याला.

"एक तरी मिनिट वाढलं," डोरीन हळूच म्हणाली.

"पेन्सिल दे," लेम्पी म्हणाली.

चाळीस वर्षं बेरजा केलेली बाई ती. नऊ जणांची सरासरी बारा, म्हणजे सगळ्यांची मिळून एकशे आठ मिनिटं. आता तेरा, म्हणजे एकशे सतरा. नऊ वाढली. आठ जण जिथल्या तिथे. म्हणजे नऊच्या नऊ मिनिटं त्या एकाची. आधीची दोन आणि वरची नऊ.

"अकरा," लेम्पी म्हणाली.

"अकरा काय?"

"अकरा मिनिटं सांगितली त्याने." तिने बेरीज पुन्हा तपासली. पेस्टीच्या कागदावरचे आकडे चुकायचे, हे चुकत नव्हते. "खरं सांगितलं असतं ना डोरीन, तर सरासरी पन्नासाच्या घरात गेली असती. आठवड्याला नसता केला त्यांनी."

"कदाचित त्याला वाटलं असेल, अकरा म्हणजे पुष्कळ झाली."

"हो ना," लेम्पी म्हणाली. "विचार केला असेल त्याने. पाच मिनिटं होता बाहेर."

घरी जाऊन ती भांडली नाही. अकरा हा आकडाही तिने काढला नाही. आर्वोला वाटलं, निभावलं. तो शिट्टी वाजवत जाळी शिवत बसायचा.

नोव्हेंबरातला पहिला आठवडा संपला. रविवारी आर्वोने सवयीप्रमाणे खिशातून कागद काढले, पाच पेस्ट्यांचे पाच, आणि टेबलावर ठेवले. बाहीवरचं उरलेलं वाचून घे म्हणून रेनकोट खुर्चीवर टाकला. मग तो खिडकीपाशी पेपर घेऊन बसला.

लेम्पीने कोंबडी ओट्यावरून आणली. किल्ली फिरवली. अकरावर नेऊन सोडली. टिकटिक सुरू झाली.

ती नेहमीसारखी वाकली, पहिला कागद उलगडला, सोमवारची जाळी लिहिली, खोली लिहिली, पाणी लिहिलं. घाई केली नाही, रेंगाळलीही नाही. मंगळवारचा कागद चिकटलेला होता, तो सोडवला. मंगळवारचे व्हाइटफिश. तिने तीन लिहिला, पुढचा आकडा दिव्याकडे धरून पाहिला, पाच लिहिला, त्याच्यापुढे आणखी एक आकडा लिहायचा होता.

कोंबडी घणघणली.

लेम्पीने पेन्सिल तिथेच ठेवली, आडवी, त्या पाचाला लागून. उठली, कोट घातला, स्कार्फ बांधला.

"कुठे चाललीस?" आर्वोने पेपराआडून विचारलं. "झाला पण एवढ्यात?"

"माझा झाला," ती म्हणाली. "चष्मा शोधून ठेव."

आणि ती डोरीनकडे पत्ते खेळायला निघून गेली. मागे आर्वो टेबलापाशी उभा, रेनकोटाची बाही दिव्याकडे धरून. तो आकडा सात आहे का एक, हे विचारायला घरात कोणी नव्हतं.