आईसाठी घेतलेली गाडी

सुतार मापाला पक्का माणूस. गाडी घ्यायलाही तो शोरूममध्ये टेप घेऊन गेला. लहान एसयूव्हीची डिकी मोजली, मोठीची मोजली, मागच्या सीटची रुंदीसुद्धा सोडली नाही. मोठी घ्यायची ती आईसाठीच, हे त्याने घरी ठासून सांगितलं होतं. या वयात तिने अंग चोरून का बसावं?

आई मात्र लहान गाडीत जाऊन बसली. सहज बसली, सहज उतरली. "हीच बरी आहे रे," ती म्हणाली.

"आई, तुला गाड्यांमधलं काय कळतं?" तो हसला. विक्रेताही हसला. आईने लहान गाडीचं दार लावून टाकलं.

मोठी गाडी दारात आली, तेव्हा कळलं की एक माप राहूनच गेलं होतं. आत चढायला पाय जेवढा उचलावा लागे, तेवढा आईचा गुडघा वाकेना. त्याने आणि त्याच्या बायकोने धरून आईला एकदा कसंबसं चढवलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दर वेळी तिचं एकच, "तुम्ही जाऊन या, मी आहे घरी."

सुताराने पायरीसाठी ठेंगणं स्टूल केलं, घासूनपुसून गुळगुळीत केलं. आईने त्यावर एक पाय ठेवून पाहिला, वर गाडीकडे बघितलं आणि पाय खाली घेतला. "छान झालंय हो," ती म्हणाली.

आता सुट्टीच्या दिवशी गाडी निघते, मागची सीट ऐसपैस रिकामी असते, आणि आई दाराशी त्याच स्टुलावर बसून हात हलवते.