फोटोखालची खुर्ची

विद्याधरराव वारले ते गावातल्या हिंदी वर्तमानपत्रात. घरी ते चहा पीत होते आणि हार घातलेला स्वतःचा फोटो चष्मा पुसून पुसून पाहत होते.

फोटोखाली छापलं होतं, ‘अत्यंत दुःख के साथ सूचित किया जाता है कि हमारे पूज्य श्री फीका खाना जी नहीं रहे। तेरहवीं का भोज: तड़का बर्गर, सिविल लाइंस।’

मेलं होतं ते अळणी जेवण; आणि ही अक्कल त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, निशांतची. नोकरी सोडून त्याने बर्गरचं दुकान काढलं होतं आणि तिथे माशा मारत बसला होता. “बाबा, एक फोटो पाहिजे,” म्हणाला तेव्हा हे बापडे कोट चढवून बसले. दुकानात वडीलधाऱ्याचा फोटो लावत असेल, असं त्यांना वाटलं. हार मागाहून चिकटवला गेला.

“लोग चौंकेंगे बाबा, तभी तो आएंगे!”

लोक दचकले, आणि आलेही. पण शोक-संदेश पूर्ण कोण वाचतो? फोटो बघायचा, ‘नहीं रहे’ बघायचं आणि पत्ता. मानिक चौकातले ओळखीचे दुकानदार, जुन्या ऑफिसातले सोबती पांढरे कपडे घालून आले आणि हात जोडून बाकांवर बसले. निशांतने बर्गर पुढे केले तर त्यांनी कानांवर हात ठेवले. सुतकाच्या घरी कोणी खातं का? दुकान भरलं आणि बर्गर तसेच राहिले.

समथरला तर कहर झाला. तिथे राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, अलकनंदाअक्काने, नातवाच्या मोबाइलवर तो फोटो पाहिला आणि नेसत्या लुगड्यानिशी नळाखाली बसली. मरणाची बातमी आली की अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. खरं कळल्यावर तिने फोनवर भावाला आधी शिव्या घातल्या, मग ती रडली.

“आयुष्य वाढलं हो तुझं, विदू. पण माझं काही खरं नाही. एकदा येऊन तोंड दाखव.”

“उद्याच येतो, अक्का.”

तो उद्या काही उगवला नाही. निशांतने पाय धरले. “बाबा, आप जिंदा हैं, ये लोगों को दिखाना पड़ेगा. नाहीतर मी संपलो.” त्याने हाराच्या फोटोखाली खुर्ची मांडली, शेजारी पाटी लावली, ‘जिंदा हूँ, यहीं खाता हूँ।’ आणि तोच कोट चढवून वडिलांना वर बसवलं.

आता मात्र झुंबड उडाली. कॉलेजातली पोरं ‘स्वर्गीय अंकल’च्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढू लागली. असली जाहिरात चालते का म्हणाल, तर चालते. फक्त कोणाच्या तरी जिवावर चालते.

एक दिवस विद्याधरराव घरीच थांबले, तर गिऱ्हाइकं “अंकल सच में गए क्या?” म्हणत माघारी फिरली. तेव्हापासून निशांत स्वतः स्कूटर घेऊन त्यांना न्यायला येऊ लागला. समथरला जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि मोडायला दिवस होता कुठे? “बस ये शनिवार-रविवार, बाबा.” खुर्चीत बसलं की त्यांचा जीव गुदमरे. पण पोराच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलेलं, तेही मोडवत नसे. रोज फोनवर अक्का विचारी, “निघालास का रे?” आणि ते रोज उद्याचा वायदा करत.

एका संध्याकाळी, ऐन गर्दीत, अक्काच्या मुलाचा, सुजयचा फोन आला.

“मामा, आई गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.”

विद्याधरराव उठून उभे राहिले. “मेरी बहन नहीं रही,” ते म्हणाले.

दुकान हसलं. “वाह अंकल! नया ऐड!” चारी बाजूंनी मोबाइल वर झाले.

“सच कह रहा हूँ, भैया, जाने दो मुझे,” म्हणता म्हणता त्यांना हुंदका फुटला.

“क्या बात है! रोते भी असली हैं!”

टाळ्या पडल्या. गर्दीतून वाट मिळेना. त्यांनी काउंटरकडे पाहिलं. तिथून निशांतने हसून अंगठा उंचावला. शाबास बाबा, असा.

त्या अंगठ्याने म्हाताऱ्याचं काळीज फाटलं. टेबलावरचा पाण्याचा जग त्यांनी उचलला आणि कोटासकट डोक्यावर उपडा केला. पोरांनी शिट्ट्यांनी दुकान डोक्यावर घेतलं.

निशांतचा अंगठा तसाच राहिला. आजोबा गेले त्या सकाळी मोरीपाशी बाबांना असंच भिजताना त्याने पाहिलं होतं.

“आत्या?” तो ओरडला आणि गर्दी ढकलू लागला, पण त्यालाही वाट मिळेना.

विद्याधरराव फोटोखाली निथळत उभे होते. समोरच्या पोराने मोबाइल सरळ धरला.

“अंकल, एक बार और. ठीक से नहीं आया.”