नत्थूजींचा आवाजाचा डब्बा

मित्रांनो, जरा जवळ या आणि मला नीट बघा. पुढून राखाडी पत्रा, त्यावर चार काळी बटणं. त्यातलं एक कधीच हरवलं, म्हणून तिथे खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण बसवलंय. मी ॲम्प्लिफायर आहे, म्हातारा आहे, आणि खरं सांगायचं तर फार थकलोय. घरात मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे 'डब्बा' म्हणतात. दुसऱ्याचा बारीक आवाज मोठा करायचा आणि लांब पोचवायचा, एवढी एकच विद्या मला येते. स्वतःचं असं अक्षरही बोलता येत नाही, त्यामुळे सगळं पोटातच राहिलं. आज मात्र सांगून टाकतो.

एका लहानशा कारखान्यात बायका रांगेने बसून तारा जोडत असत, तिथे माझा जन्म झाला. खोक्यात बसून आगगाडीने नागपूरला आलो. सीताबर्डीच्या एका दुकानात काही महिने नुसता धूळ खात पडलो होतो. मग एक दिवस एका मोहल्ल्याच्या मंडळाची चार माणसं आली आणि मला सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन गेली. मंडळाने मला ज्यांच्या हवाली केलं, ते नत्थूजी. ते गिरणीत कामाला होते. दिवसभर मागांच्या खडखडाटात एकमेकांशी बोलून त्यांचा आवाज असा कमावलेला होता की, माझी गरज त्यांना होती की मला त्यांची, हा प्रश्नच होता.

ते दिवस कामाचे होते. पहाटे विहारात वंदना, मोहल्ल्यात लग्न, कुणाचं नामकरण, सगळीकडे मी. विजयादशमीला दीक्षाभूमीच्या वाटेवर मंडळाचा पाणी वाटपाचा स्टॉल लागे. गर्दी अशी की मुंगीला पाय ठेवायला जागा नसे. कुणाचं लेकरू सुटलं, कुणाची म्हातारी मागे राहिली, की लोक रडत नत्थूजींकडे येत. नत्थूजी माइक हातात घेत आणि नाव, गाव, लुगड्याचा रंग असं सगळं इतक्या शांतपणे सांगत की रडणारं माणूससुद्धा गप्प होऊन ऐकू लागे. "नत्थूभाऊचा डब्बा बोलला का भंडाऱ्यापर्यंत आयकू जाते," असं लोक म्हणत. भंडारा राहू द्या, पण पुढच्या चौकापर्यंत मी नक्की जात होतो.

नत्थूजींचा एक रिवाज होता. कुठेही गेले तरी आधी भोंगा बांधत नसत. हात मागे बांधून सगळ्या मैदानाला एक फेरी मारत. जनरेटर कुठे ठेवलाय, भट्टी कुठे पेटलीय, ढोलवाले कुठे बसणार, हे बघून घेत. मग म्हणत, "गोंगाटाच्या तोंडापाशी भोंगा बांधला का आपलं बोलणं मेलं समज." तरुण पोरं हसत. नत्थूजी हसत नसत, शिडी उचलून दुसऱ्या खांबाकडे जात.

पुढे गिरणी बंद झाली. विहारात नवे, काळे, माणसाएवढे उंच स्पीकर आले आणि मला नत्थूजींच्या घरच्या माळ्यावर चढवलं. अंगावर लग्नाची पातेली, पोटात पालीची अंडी, अशी माझी कितीतरी वर्षं गेली. मित्रांनो, काम करून माणूस थकतो हे खरं, पण काम नसलं की त्याहून जास्त थकतो. यंत्राचंही तसंच आहे. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत कुणीतरी मला भंगारवाल्याच्या पोत्यात घालू बघे. तेवढ्यात खालून नत्थूजींचा दणदणीत आवाज येई, "ठेव तो डब्बा जागेवर!" आणि मी वाचायचो.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर नत्थूजींना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि तो आवाजही गेला. राहिली ती फक्त सुतासारखी बारीक कुजबुज. एक शब्द जुळवायला त्यांना इतका वेळ लागे की ऐकणारा मध्येच आपल्या मनाने वाक्य पुरं करी आणि निघून जाई. माळ्यावरून मला ते दिसत होतं. माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती.

त्यांचा मुलगा धम्मानंद मौद्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहे. शहराच्या टोकाला, नव्याने प्लॉट पाडलेल्या एका लेआउटमध्ये तेव्हा त्याच्या नव्या घराच्या विटा चढत होत्या. डिसेंबरातल्या एका रविवारी त्याने मला माळ्यावरून उतरवलं, उन्हात ठेवलं, ब्रशने पोट साफ केलं, कामातून गेलेले भाग बदलून आणले. माझा दिवा लागला तेव्हा त्याची मुलगी भूमिका टाळ्या वाजवू लागली.

मग सतरंजीवर बसून घराची आखणी सुरू झाली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे धम्मानंदने घराचा नकाशा काढला. हॉल, स्वयंपाकघर, आपली खोली, भूमिकाची खोली आणि गच्ची, अशा पाच ठिकाणी पाच स्पीकर. मी हॉलच्या कपाटात. आणि नत्थूजींच्या पलंगापाशी बटणाचा माइक. त्यांनी डाव्या हाताने बटण दाबून बोललं की पाचही ठिकाणी ऐकू जाणार. शिवाय सकाळी वंदना घरभर लागणार. लाल पेनाने तारांच्या रेघा ओढताना धम्मानंदचा चेहरा नुसता फुलून आला होता.

"हे बिनवायरचं मिळते ना आता," त्याची बायको रोशनी म्हणाली. ती धरमपेठेतल्या एका शाळेत शिकवते.

"हवेतल्या गोष्टीवर माझा भरोसा नाही वं. आला आवाज तं आला. वायर म्हणजे वायर."

"मंग साधी घंटी लावून द्या."

"घंटीनं काय समजन? पाणी पाहिजे का पोट दुखून राहिलं? बाबाले बोलू दे. जन्मभर माइकवर बोलला तो माणूस."

हे ऐकून माझं पोट गरम झालं. किती चांगला विचार होता तो! पण मित्रांनो, त्याच वेळी पलीकडच्या खोलीत नत्थूजी भिंतीला टेकून बसले होते. दार उघडं होतं. ज्याने तीस वर्षं गावभर भोंगे बांधले, तो माणूस सात पावलांवर होता. त्यांना नकाशा दाखवावा हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दोनदा त्यांनी डावा हात वर केला. "बाबा, चहा पाहिजे काय?" असं रोशनीने विचारलं आणि चहा नेऊन दिला.

वायरिंगचं काम शालिकराम नावाच्या मिस्त्रीकडे होतं. भिंतीला गिलावा व्हायचा होता. तो म्हणाला, "भाऊ, खिडकीपाशी एक पाइप जाऊनच राहिला आहे. त्याच खाचेतून तुमची वायर काढतो आणि स्पीकर खिडकीच्या वर बसवतो. दुसरी खाच मारा काहून?" धम्मानंदलाही ते पटलं. खिडकीपाशी जाणारा तो पाइप कूलरच्या पॉइंटचा होता. पण नागपूरच्या डिसेंबरात कूलर कुणाला आठवतो? तो बिचारा तेव्हा ताडपत्री पांघरून गच्चीवर झोपलेला असतो. गिलावा झाला, रंग झाला, आणि ती चूक भिंतीत गुडूप झाली.

फेब्रुवारीत सगळे नव्या घरात राहायला आले. गृहप्रवेशाच्या सकाळी वंदनेचे सूर पाचही ठिकाणी एकदम उमटले, तेव्हा पाहुणे माना वर करकरून बघू लागले. नत्थूजींनी बटण दाबून "या, बसा" एवढं म्हटलं आणि ते हॉलमध्ये स्वच्छ ऐकू आलं. लोकांनी धम्मानंदची पाठ थोपटली. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू? त्यानंतर दोन महिने रोज तो बारीक आवाज मी घरभर नेला. "औषध." "ऊन आलं." "भूमिका, इकडं ये." धम्मानंदने मला इन्व्हर्टरवर जोडून ठेवलं होतं, म्हणजे लाइन गेली तरी बाबांचा आवाज बंद पडू नये.

मग एप्रिल उजाडला आणि कूलर गच्चीवरून खाली उतरले.

मित्रांनो, नागपूरचा कूलर तुम्हाला ठाऊक आहे. तो सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. तीन खोल्यांत तीन धूड, प्रत्येकाच्या बरोबर डोक्यावर माझा एकेक स्पीकर. शिवाय एकाच खाचेत वायरी असल्यामुळे कूलरची घरघर माझ्याही तारांत शिरली. मी माझं सगळं बळ लावत होतो, पण त्या दणदणाटात नत्थूजींची कुजबुज पार विरून जात होती. कुणाला संशयही आला नाही. बाबा हल्ली दुपारचे शांत झोपतात, असं घरात म्हणू लागले.

मेमधली ती दुपार मी विसरणार नाही. बाहेर डांबर वितळत होतं. धम्मानंद सकाळची पाळी करून येऊन आपल्या खोलीत आडवा झाला होता. रोशनीला शाळेची सुट्टी होती, ती हॉलमध्ये लवंडली होती. भूमिका तिच्या खोलीत चित्र काढत होती. नत्थूजींच्या खोलीतला चौथा कूलर सकाळी भरायचा राहून गेला होता. त्याची टाकी कोरडी पडली आणि तो थंड हवेऐवजी बाहेरची लू सरळ त्यांच्या अंगावर फेकू लागला. पाण्याचा तांब्या पलंगाच्या उजव्या बाजूला ठेवलेला होता, म्हणजे त्यांच्या मेलेल्या हाताच्या बाजूला.

त्यांनी बटण दाबलं. "धम्मा... पाणी."

मी तो आवाज पाचही ठिकाणी नेला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं आणि गच्चीवर तर कावळाही नव्हता. उरलेल्या तिन्ही खोल्यांत कूलर गर्जत होते. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. प्रत्येक हाकेला शब्द कमी होत गेला. आधी "धम्मा, पाणी" होतं, मग नुसतं "धम्मा", मग नुसता श्वास. मी तापून तापून फुटायची वेळ आली. माझ्यात बोलण्याची शक्ती असती तर मी किंचाळलो असतो. यंत्राच्या जन्माचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

आणि तेवढ्यात लाइन गेली.

सगळे कूलर एकदम थांबले. घर असं चिडीचूप झालं की पाण्याचे थेंब टपकताना ऐकू येत होते. मी मात्र इन्व्हर्टरवर जागा होतो. नत्थूजींचं बोट अजून बटणावर होतं. त्या शांततेत तिन्ही खोल्यांतल्या भिंतींमधून त्यांचा आवाज आला.

"कोणी... आयकून राहिलं का?"

धम्मानंद अनवाणी धावत सुटला. रोशनी त्याच्या मागे. नत्थूजींचे ओठ पांढरे पडले होते, अंग चटका बसावा इतकं तापलं होतं. चमच्याने पाणी, ओली चादर, मग गाडी, मग रामदासपेठेतला दवाखाना. लाइन जाऊ नये म्हणून जो माणूस नोकरीभर राबला, त्याच्या बापाचा जीव त्या दिवशी लाइन गेली म्हणून वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास झाला असता तर कठीण होतं.

चार दिवसांनी नत्थूजी घरी आले. धम्मानंद त्यांच्या पलंगापाशी खाली जमिनीवर बसला. "बाबा, किती वेळ हाका मारून राहिले होते तुम्ही?" नत्थूजींनी त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला. रागावले नाहीत. फक्त एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "मले... काहून... नाही विचारलं... बेटा?"

आपण नकाशा काढला तेव्हा बाबांनी हात का वर केला होता, हे धम्मानंदला त्या क्षणी कळलं. तो लहान मुलासारखा रडला.

आता नव्या भिंतींचा गिलावा फुटलाय आणि घरभर सिमेंटची धूळ आहे. ती माझ्याही पोटात गेलीय, खोकला येतो. आज सकाळी शालिकराम स्पीकरच्या जागा बदलायला छिन्नी घेऊन हजर झाला, तेव्हा धम्मानंदने नत्थूजींना चाकांच्या खुर्चीवर बसवून खोलीखोलीतून फिरवलं. हॉलमध्ये नत्थूजी कूलरकडे बघत राहिले, समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, ओठ हलवत राहिले. शब्द काही येईना. शालिकराम चुळबुळला. "भाऊ, मी सांगतो ना, इथं..." असं म्हणून त्याने छिन्नी भिंतीला लावली.

"थांब गा," धम्मानंद म्हणाला. "बाबा बोलून राहिले."

सगळे थांबले. भूमिका थांबली, रोशनी पोळपाटावरचे हात तसेच घेऊन दारात थांबली. एका शब्दासाठी चार माणसं इतका वेळ गप्प उभी राहिलेली मी माझ्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

मित्रांनो, माझी धूळ पुसा किंवा पुसू नका, माझे दिवस आता थोडेच उरलेत. पण तुमच्याही घरात एखादा आवाज बारीक झालेला असेल. त्याच्यासाठी खुशाल तारा टाका, चांगले स्पीकर आणा. आवाज मोठा करायचं काम माझ्यासारखा कुठलाही डब्बा करील. त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायचं काम मात्र तुम्हालाच करावं लागेल, ते आम्हाला जमत नाही.