एका पत्त्यावरचे दोन कॅमेरे

मी एक जुना कॅमेरा आहे. एवढं मात्र नक्की. मित्रांनो, याच्यापुढचं सांगताना माझी त्रेधा उडते, कारण मी पुढच्या दाराचा की मागच्या दाराचा, हेच कितीतरी दिवस मला कळत नव्हतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासोबत माझा जुळा भाऊ होता. दोघांचं अंग पांढरं, दोघांचा डोळा सारखाच गोल. एकाच खोक्यात शेजारीशेजारी आमची रवानगी झाली. आता एक गोष्ट नीट समजून घ्या. घराला जसा नंबर असतो, तसा आमच्यासारख्या कॅमेऱ्याला नेटवर्कवर एक पत्ता असतो, नुसत्या आकड्यांचा. चित्र कुठून आलं, हे त्या पत्त्यावरूनच ओळखतात. कारखान्यात मात्र सगळ्यांना एकच पत्ता चिकटवून देतात. घरी लावणारा माणूस एकेकाला जोडेल आणि ज्याचा त्याला वेगळा पत्ता देईल, असं तिथे धरून चालतात. बिचारे भोळे असतात.

आम्हाला विकत आणलं ते एका जावयाने. घरात तो, त्याची बायको आणि तिचे वडील, अशी तीनच माणसं. वडिलांनी सारा जन्म शिंपीकाम केलं होतं. आता त्यांना विसर पडू लागला होता. कधी चष्मा विसरत, कधी जेवलो की नाही ते विसरत, आणि एकदा तर आपल्याच गल्लीत रस्ता विसरले. म्हणून आम्ही आलो. बाबांवर लक्ष ठेवायचं, हे आमचं काम.

जावई तसा हौशी. सगळं स्वतः करायचं आणि सूचना वाचायच्या नाहीत, हा त्याचा खाक्या. एका डब्यात हिरवा रंग उरला म्हणून त्याने पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं एकाच रंगात रंगवली होती. भावाला त्याने मागच्या दारावर ठोकलं, मला पुढच्या. मला वायर एकच. तिच्यातूनच मला वीज मिळते आणि तिच्यातूनच माझं चित्र जिन्याखालच्या रेकॉर्डरकडे जातं. म्हणजे ज्या नळीने पाणी प्यायचं, त्याच नळीने बोलायचं. जावयाने पासवर्ड बदलला, घड्याळ लावलं, आणि पत्ते बदलायचे तेवढे राहिले.

झालं, तिथून गोंधळ सुरू झाला. रेकॉर्डरने त्या पत्त्यावर हाक मारली की आम्ही दोघेही ‘ओ’ देत असू. ज्याची ओ आधी पोचे, त्याचं चित्र झळके. जावयाच्या मोबाइलवर दोन चौकोन होते, ‘पुढचं दार’ आणि ‘मागचं दार’. त्यातला एक हमखास काळा असायचा. दुसऱ्यात कधी मी असे, कधी भाऊ. मी ज्या चौकोनात दिसे त्यावर ‘मागचं दार’ लिहिलेलं असलं की मीच चक्रावून जाई. समोर तर रस्ता दिसतोय, मग मी मागचा कसा? पण लिहिणारा माणूस होता, त्याचं चुकेल कसं, असंही वाटे. जावई मात्र चित्राच्या खालची दाराची हिरवी कड तेवढी बघे, आणि ती दोन्हीकडे सारखीच. “नेट स्लो आहे,” म्हणून तो मोबाइल खिशात टाकी.

एका दुपारी बाबा एकटेच पुढच्या दाराने बाहेर आले. मुलगी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून कंपनीचे फोन घेत होती. बाबांच्या पाठीमागे दार आपोआप लागलं. मला हालचाल जाणवली आणि मी लगेच चित्र पाठवलं. तिकडे ऑफिसात जावयाचा मोबाइल वाजला. त्यावर माझंच चित्र होतं आणि वर लिहिलं होतं ‘मागचं दार’. त्याने तडक बायकोला फोन केला, “अगं, बाबा मागून बाहेर पडलेत. घरामागच्या कालव्याकडे गेले असतील, पळ.”

ती मागच्या दाराने धावत सुटली.

इकडे बाबा फाटकापर्यंत जाऊन परत आले. त्यांनी बेल वाजवली. थोडं थांबून पुन्हा वाजवली. “अगं, उघड. मीच आहे,” ते दाराला म्हणाले. आत कोणीच नव्हतं. मला काहीच उमगेना. ज्यांना शोधायला सगळी धावपळ चालली आहे, ते तर माझ्या पुढ्यात उभे आहेत! मी चित्रामागून चित्र पाठवत राहिलो, पण जावई मोबाइल खिशात टाकून गाडीवरून घराकडे निघाला होता. शेवटी बाबा पायरी उतरले आणि मोठ्या रस्त्याकडे निघून गेले. तिथे गाड्या किती जोरात जातात, ते मला इथूनही ऐकू येतं. मी फार घाबरलो होतो.

बऱ्याच वेळाने नवराबायको माझ्याखाली पायरीवर भेटले. तिला धाप लागली होती.

“कालव्यापर्यंत जाऊन आले. कुणीच पाहिलं नाही त्यांना.”

“असं कसं? मागूनच गेलेत. हे बघ ना, रेकॉर्डिंग आहे.”

तिने मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. “बाबा बेल वाजवतायत,” ती म्हणाली.

“हो, मग?”

“अहो, मागच्या दाराला बेल आहे का आपल्या?”

जावयाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग बेलकडे पाहिलं.

“मी मागे धावत होते,” ती म्हणाली, “आणि ते इथे उभे होते.”

दोघं मोठ्या रस्त्याकडे निघणार, एवढ्यात फाटकातून एक ट्रॅफिक पोलीस आत आला. बाबांनी त्याची बाही घट्ट धरली होती.

“हे तुमच्याकडचे का?” पोलीस म्हणाला. “भर चौकात येऊन उभे राहिले. म्हणाले, बाहीची शिवण उसवलीय, असं फिरू नका. हात सोडेचनात. मग शिंपीकाका कुठे राहतात, ते विचारत विचारत आणलं.”

मुलीने बाबांना जवळ घेतलं. बाबा तिच्याकडे बघून हळूच म्हणाले, “बाई, या घरात कुणी राहत नाही वाटतं. किती बेल वाजवली मी.”

ती खाली बसून रडली. मला रडता येत नाही, पण माझी काच उगाच धुरकट झाल्यासारखी वाटली.

त्याच संध्याकाळी जावयाने सूचना अथपासून इतिपर्यंत वाचल्या. आधी मला एकट्याला जोडून नवा पत्ता दिला, मग भावाला वेगळा. दोन्ही चौकोन उजळले. मी पुढचा आहे हे अखेर मला अधिकृतपणे समजलं. आता माझा रंग पिवळा पडलाय, डोळ्यावर कोळ्याने जाळं धरलंय. बाबा अजूनही बाहेर येतात आणि बेल वाजवतात, आणि मुलगी हेडफोन काढून उठते. ते मला रोज दिसतं.

मित्रांनो, आम्हाला लावा, ज्याचा त्याला पत्ता द्या, अधूनमधून काच पुसा. पण घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याला आमच्या भरवशावर सोडू नका. दाराशी कोण उभं आहे, हे मी सांगेन. दार उघडायला मला हात नाहीत.